सातव्या खणातला तारा

१

परतीची बस साडेपाचला होती, आणि त्या बसमध्ये धाकट्या बहिणीला बसवल्यावाचून आपण माघारी फिरायचे नाही, असा निश्चय करूनच थोरली टेकडीच्या पायथ्याशी उतरली. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे झाली होती. तीन तास वीस मिनिटे. तेवढ्या वेळात माणसाला घरी न्यायला हरकत नसावी.

धाकटीने कॉलेजच्या वेधशाळेत बावीस वर्षे रात्रीची निरीक्षक म्हणून काढली होती. तिला निवृत्त होऊन दोन महिने झाले. निरोपाची भाषणे झाली, किल्ल्यांची यादी झाली. नवा माणूस मात्र अजून रुजू झाला नव्हता, आणि 'तो येईपर्यंत' म्हणून धाकटी वर ठाण मांडून बसली होती. इकडे थोरलीने घरातली मागची खोली रंगवून घेतली, पडदे शिवले, आणि दर रविवारी फोन करून घसा कोरडा केला. सगळे पालथ्या घड्यावर पाणी.

थोरली म्हणजे त्याच कॉलेजच्या कर्मशाळेत चौतीस वर्षे उपकरणे दुरुस्त केलेली बाई. केसाच्या दहाव्या हिश्शावरून ती शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सर्वांशी भांडलेली होती. पाठीमागे तिला 'मायक्रोमीटरबाई' म्हणत. समोर कोणी काहीच म्हणत नसे.

फाटकावरचा पहारेकरी तिला ओळखत होता.

"आलात? बरं झालं बाई. बहिणीला तुम्हीच न्या आता. माझ्याच्यानं नाही होत."

"तुमच्याच्यानं काय नाही होत?"

"तीनदा निघाल्या त्या. बॅग घेऊन. मी कुलूप काढून उभा. या इथं, या दगडापर्यंत येतात, आणि मागं जातात."

"काहीतरी विसरली असेल. तिचं डोकं नेहमीच आभाळात."

"विसरलेलं माणूस वळून जातं, बाई." पहारेकऱ्याने चढाकडे बोट दाखवले. "या वळल्या नाहीत. तोंड माझ्याकडंच होतं. पाय तेवढे मागं मागं. मंगळवारी सकाळी सातला तर माझ्याशी हसून बोलत होत्या, 'आलेच हं मी' म्हणत होत्या, आणि मागं मागं चालत वर गेल्या. तेवढा चढ. एकदासुद्धा अडखळल्या नाहीत."

थोरलीने त्याला नखशिखान्त न्याहाळले.

"उन्हात उभं राहिलं की माणसाला काहीबाही दिसतं. टोपी घालत जा," ती म्हणाली, आणि चढ चढू लागली. फाटकापासून घुमटापर्यंत वाट सरळ पश्चिमेकडे जाते. चढताना दोनदा तिला दम घ्यावा लागला, आणि दोन्ही वेळा तिच्या मनात आले की हा चढ उलट्या पावलांनी चढणे सोपे नाही.

२

घुमटाच्या खालची खोली म्हणजे धाकटीचा संसार. एक लोखंडी कॉट, एक टेबल, एक शेगडी, भिंतीला टेकवलेली बॅग. बॅग भरलेली होती आणि तिच्यावर धूळ होती. खोलीच्या कोपऱ्यातून एक लोखंडी जिना छतातल्या चौकोनी भोकातून वर दुर्बिणीपाशी जात होता.

धाकटी वाळली होती. चहा ओतताना तिचा हात कपापाशी येई, थबके, आणि मग एका झटक्यात बरोबर मध्यावर येई.

"काय गं ही दशा! आरशात बघतेस की नाही?"

"दुर्बिणीत आरसाच असतो ना ताई. रोजच बघते." धाकटी हसली. जुनाच विनोद, पण हसू संपल्यावरही तिचे तोंड थोडा वेळ तसेच राहिले. "बरं, आलीच आहेस तर माझं चक्र तेवढं बघ. फिल्टरचं चक्र. सातव्या खणावर अडकतंय."

दुर्बिणीच्या शेपटाला कॅमेऱ्याचा डबा असतो, आणि डब्याच्या तोंडाशी हे चक्र. त्याला सात खण. सहा खणांत सहा रंगांच्या काचा. ज्या रंगात ताऱ्याचा फोटो हवा, तो खण फिरवून समोर आणायचा. सातव्या खणात काच नसून काळा पत्रा असतो. तो समोर आला की कॅमेरा आंधळा. डब्यातच मोठ्या डोळ्याशेजारी, याच चक्रामागे, एक लहान डोळा असतो, तो गाइडर. त्याने एकच तारा धरून ठेवायचा. तारा तसूभर सरकला की त्याने मोटरीला सांगायचे, आणि मोटरीने 'टक्' करून दुर्बीण तेवढीच सरकवायची. सगळ्या डोलाऱ्याचा हा लगाम.

"अडकलंय तर फोटो कसे काढतेस?"

"सातवर अडकलंय असं आकडा म्हणतो. आकडा चुकत असणार. तारा दिसतोय ना! गाइडरनं धरलाय. दोन महिने झाले ताई, एकदासुद्धा सुटला नाही. ना ढग आड येतो, ना उजाडणं."

थोरलीने कप खाली ठेवला. "उजाडणं म्हणजे? दिवसा चालू असतो?"

"चालूच ठेवलाय."

"घुमट बंद करून?"

"मला नको विचारूस बाई तसलं." धाकटीने डोळे चोळले. "धरलंय ना, मग सोडायचं कशाला? बंद करायला म्हणून दोनदा गेले, तर हात दुसरीकडंच जातो. म्हातारी झाले, दुसरं काय."

"साडेपाचच्या बसनं आपण दोघी निघणार आहोत. ऐकलंस? मी वर जाऊन चक्र बघते, तू तोवर नीज. पाचला उठवीन."

"हो, ताई," धाकटी लहानपणी म्हणत असे तसेच म्हणाली आणि कॉटवर आडवी झाली. आडवी होता होता तिचे डोके उशीवर पडले, आणि मग जरासे, अगदी जरासे, मध्यावर सरकले.

३

वर घुमट बंद होता. पत्रा तापून अधूनमधून कडकड वाजत होता. दुर्बीण झाकण लावून आडवी केलेली होती, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर संगणकाचा पडदा उजळलेला होता.

पडद्यावर काळा चौकोन होता. त्या चौकोनाच्या मध्यभागी तारा होता.

थोरली घाबरणाऱ्यांतली नव्हती. तिने चष्मा पुसला, खुर्ची ओढली आणि कामाला लागली. दुर्बिणीचे झाकण हाताने चाचपले, पक्के होते. आकडा म्हणत होता सात. डब्याला कान लावून तिने चक्र जोर लावून एक खण फिरवले, पुन्हा सातवर आणले. आकडा चुकत नव्हता. समोर काळा पत्राच होता.

फट असेल, ती मनाशी म्हणाली. डबा जुना आहे, कुठून तरी उजेड शिरत असेल. तिने काळे कापड शोधून डब्याला दोन पदर गुंडाळले, वर दोरी बांधली. तारा होता तिथेच होता.

मग ठिपका तापला असेल. कॅमेऱ्याच्या डोळ्यात लाखो ठिपके असतात. त्यांतला एखादा बिघडतो आणि उगाच चकाकत राहतो. नवशिके निरीक्षक त्यालाच तारा समजून गाइडरला धरायला लावतात, आणि गाइडर बिचारा रात्रभर स्वतःच्याच डोळ्यातल्या कुसळाचा पाठलाग करतो. बावीस वर्षांच्या अनुभवानंतर बहिणीने ही चूक करावी याची थोरलीला लाज वाटली, आणि त्या लाजेने थोडा धीरही आला. तापलेला ठिपका थंडाव्याने मंद होतो. तिने कॅमेऱ्याचे शीतयंत्र दहा अंशांनी उतरवले आणि घड्याळ लावून वाट पाहिली.

तारा अधिक ठळक झाला.

शिवाय एक गोष्ट होती. पडद्याच्या खालच्या अंगाला गाइडर आलेख काढतो: तारा किती थरथरला याची रेषा. हवेतून येणारा तारा वेडावाकडा थरथरतो, त्याला ताळतंत्र नसते. ही रेषा मात्र वर जाई, खाली येई, वर जाई, खाली येई. शिवणयंत्राने टाके घालावेत तशी. थोरलीने मोजले. मिनिटाला सोळा.

घुमट शांत होता. जिन्याच्या भोकातून खाली झोपलेल्या धाकटीचा श्वास ऐकू येत होता.

तो मोजायचे तिच्या मनात नव्हते. पण सवय ही सवय.

४

सोळा.

योगायोग, थोरलीने ठरवले. झोपलेल्या माणसाचा श्वास सोळाच्या आसपास असतोच. घड्याळाचा लंबकही एखाद्याच्या नाडीशी जुळतो, म्हणून कोणी घड्याळाला वैद्याकडे नेत नाही. तिने गाइडरची नोंद उघडली. ही नोंद तोच लिहितो, माणसाचा हात लागत नाही. डाव्या रकान्यात तारा केव्हा, किती सरकला. उजव्या रकान्यात त्यावर मोटरीला काय हुकूम दिला. आधी सरकणे, मग हुकूम. सगळ्या जगात हाच क्रम.

इथे हुकूम आधी होता.

हुकूम: पूर्व, अर्धा. एका सेकंदाने, तारा पूर्वेला सरकला, अर्धा. हुकूम: उत्तर, पाव. एका सेकंदाने, तारा उत्तरेला, पाव. पानेच्या पाने. रकाने उलटे छापले गेले असतील, म्हणून तिने मथळे पाहिले, मग घड्याळे ताडून पाहिली. दोन्ही बरोबर होती. तारा सरकत नव्हता. त्याला सरकवले जात होते.

मंगळवारचे पान तिने उघडले, ते नेमके कशासाठी हे तिने स्वतःला सांगितले नाही.

सातपर्यंत नेहमीपेक्षा वेगळे काही नव्हते. सात वाजून चार मिनिटांनी वेगळे हुकूम सुरू झाले. पश्चिम. पश्चिम. पश्चिम. एकामागून एक, दोनशे अकरा हुकूम, सगळे सारख्या मापाचे, पावलासारखे. सात वाजून एकोणीस मिनिटांनी थांबले. त्यापुढे गाइडरने आपल्या नेहमीच्या कोरड्या भाषेत लिहिले होते: तारा मध्यावर.

थोरलीने चष्मा काढला. चौतीस वर्षांत तिने एकही उपकरण असे पाहिले नव्हते की ज्याला दोष नाही, पण ज्याचा दोष सापडू नये असेही पाहिले नव्हते. सव्वाचार झाले होते.

५

तपासणीची एक साधी रीत आहे. टेबलाशी चार बटणांची एक पेटी असते: पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण. एक बटण दाबायचे, मोटर टक् करते, दुर्बीण सरकते. तापलेला ठिपका डोळ्यातच असल्याने जागचा हलत नाही. खरा तारा हलतो. एवढ्यावर निकाल लागतो.

तिने पूर्वेचे बटण दाबले. टक्.

पडद्यावर तारा सरकला.

आणि खाली कॉट करकरली.

थोरलीचा हात पेटीवरच राहिला. झोपेत माणूस कूस बदलतो, ती म्हणाली. हे ती मोठ्याने म्हणाली, आणि तापलेल्या घुमटाने तिचा आवाज तिलाच परत दिला. तिने मनात वीस मोजले. पश्चिमेचे बटण दाबले. टक्. कॉट करकरली.

एकदा म्हणजे अपघात, दोनदा म्हणजे योगायोग, तीनदा झाल्याखेरीज कर्मशाळेत कोणतीही गोष्ट खरी धरायची नाही, हा नियम तिनेच भिंतीवर लिहून लावला होता. ती खुर्ची ओढून जिन्याच्या भोकापाशी आली. पेटीची वायर तिथवर पुरत होती. वरून कॉटचे पायथ्याकडचे टोक दिसत होते: पांढरी चादर आणि तिच्याखाली धाकटीच्या पावलांचे दोन उंचवटे.

तिने पूर्वेचे बटण दाबले, आणि या वेळी सोडले नाही.

टक्, टक्, टक्, टक्.

पावले हलली. कूस बदलताना माणसाची हलतात तशी नव्हे; गुडघा दुमडला नाही, बोट वळवळले नाही. टेबलाचा खण ओढावा तशी ती दोन्ही पावले, दोन्ही पाय, सगळा देह, चादरीसकट वीतभर पूर्वेला सरकला आणि थांबला. एक टाच कॉटच्या कडेबाहेर आली. झोपेतच धाकटी स्पष्ट, शांत आवाजात म्हणाली,

"आलेच हं मी."

थोरलीने बटण सोडले. आपण आपल्या बहिणीला बाहुलीसारखे ओढून पाहिले, तेही तीनदा, तेही नियम म्हणून, हे तिला तेव्हा कळले. मग अगदी हळू, एक एक टक् करत, रांगत्या मुलाला काठावरून मागे घ्यावे तसे तिने पश्चिमेचे बटण दाबून त्या पावलांना पुन्हा कॉटच्या मध्यावर आणले. डोळ्यांतले पाणी पुसायला तिला हात मोकळा नव्हता.

६

आता घाई होती. पण हे नुसते बंद करून चालेल का? कोणाला कशाने धरले आहे ते न पाहता दोरी कापावी, आणि धरलेले माणूसच खाली पडावे, असे होऊ नये. म्हणून तिने आधी आत पाहायचे ठरवले. कापड सोडले, बारीक पेचकस घेतला, चक्राच्या झाकणाचे आठ स्क्रू काढून ते क्रमाने रुमालावर मांडले, आणि विजेरी लावली.

सहा काचा सहा रंगांत चकाकल्या. कोरड्या, स्वच्छ, धाकटीचा हात शिस्तीचा. सातव्या खणात काळा पत्रा.

विजेरीचा झोत कॅमेऱ्याच्या तोंडावर पडला होता. कोणताही तारा त्यात बुडून जायला हवा होता. तिने मान वळवून पाहिले. पडद्यावर तो तसाच होता.

मग तिला पत्र्यावरचा डाग दिसला. नाण्याएवढा. तो डाग नव्हता, वाफ होती. थंडीत खिडकीला तोंड लावल्यावर काचेवर धरते तशी. तिच्या देखत ती कडेकडेने आटत आटत तिळाएवढी झाली, संपली. थोरली पापणी न लववता बघत राहिली. काही क्षणांनी ती पुन्हा धरली: मधून उमलत, कडांपर्यंत, नाण्याएवढी.

माझाच श्वास, ती मनाशी म्हणाली, आणि तोंडावर रुमाल दाबला.

वाफ आटली. वाफ धरली.

पत्र्याची ही बाजू आभाळाकडची नव्हती. ही आतली बाजू, कॅमेऱ्याच्या डोळ्याकडची. पत्रा आणि डोळा यांच्यामध्ये दोन बोटांचे अंतर असते. तिथे दुसरे काहीच मावत नाही. थोरलीने स्वतः मापले होते ते अंतर, कर्मशाळेत, हा डबा नवा असताना.

ती पुढे वाकली नाही. झोत तिने तिरपा करायला हवा होता, म्हणजे त्या दोन बोटांच्या जागेत उजेड पडला असता. तिने तो केला नाही. तिच्या आयुष्यात अर्धवट सोडलेली ही पहिली तपासणी. तिने झाकण बसवले, आठ स्क्रूंपैकी तीनच लावले, आणि टेबलाशी येऊन गाइडर थांबवण्याचे बटण दाबले.

हात दुसरीकडे गेला नाही. तो हात तिचा होता.

पडद्यावर अक्षरे आली: तारा सुटला.

७

खालून एक लांब श्वास ऐकू आला. पाण्यातून वर आलेल्या माणसाचा. मग कॉट करकरली, या वेळी नीट, गुडघे दुमडून, कुरकुरत, माणूस उठते तशी.

"ताई! अगं किती वाजले? पाचला उठवीन म्हणालीस ना?"

आवाज धाकटीचाच, पण दोन महिन्यांपूर्वीचा. थोरली मटकन खुर्चीत बसली.

"पाचच वाजलेत. बॅग घे. शेगडी बंद कर."

"भूक लागलीय गं मला. घरी काही आहे का खायला, की नुसते पडदेच शिवलेस?" धाकटी जिन्यावरून वर आली. केस विस्कटलेले, गालावर उशीचा वळ, आणि डोळे जागे. चालताना ती खुर्चीला धडकली, 'आई गं' म्हणाली आणि हसली. थोरलीला वाटले, इतके सुंदर अडखळणे आपण कधी पाहिले नाही.

"चल," ती उठत म्हणाली. "इथं क्षणभर थांबायचं नाही. कशाला हात लावू नकोस."

"पण तू ते बंद नाही केलंस?"

थोरलीने वळून पाहिले. बटणाला कोणी शिवले नव्हते. पडद्यावर अक्षरे बदलली होती. शोध सुरू. मग, तिच्या देखत: तारा सापडला.

काळ्या चौकोनाच्या कडेला ठिपका उगवला आणि सावकाश मध्यावर आला. टक्, टक्. थोरलीचा खांदा कोणी समजुतीने हात ठेवावा तसा जरा डावीकडे झाला. खालची रेषा वेगाने वर-खाली होऊ लागली. मिनिटाला सोळा नव्हे, तीस, बत्तीस. घाबरलेल्या माणसाचा वेग. रेषेचे प्रत्येक शिखर थोरलीला छातीत आधी कळत होते, पडद्यावर नंतर दिसत होते.

नाही, तिने स्वतःला बजावले. पारखून बघू. तिने श्वास रोखला.

रेषा सरळ झाली.

"अगंबाई!" धाकटी पडद्यापुढे वाकली. बावीस वर्षे रेषा पाहण्यात गेलेली ती. तिचा चेहरा उजळला. "केवढी सरळ! ताई, जन्मात नाही बघितली अशी. काय केलंस तू चक्राला? तुझ्या हाताची सर कोणाला नाही बाई." आणि थोरली काही बोलण्याआधी तिच्या बोटांनी, नुसत्या सवयीने, फोटो लावला. दहा मिनिटांचा. पडद्याच्या कोपऱ्यात उलटी मोजणी सुरू झाली: सहाशे.

"एवढा एकच घेऊ दे. आठवण म्हणून. मी तोवर बॅग फाटकाशी नेऊन ठेवते, तू ये मागून. आणि उभी आहेस तशीच उभी राहा हं, तुला माहितेय ना फरशी कशी हलते!"

थोरलीला 'थांब' म्हणायचे होते. पाठोपाठ दुसरा विचार आला, 'जा, पळ'. दोन्ही म्हणायला श्वास सोडायला हवा होता. तिने तो सोडला; निदान सोडायचे ठरवले. छाती जागची हलली नाही. पेटीवर कोणाचे बोट नव्हते.

जिन्यावर पावले वाजली. खालच्या खोलीचे दार लागले. मग उतारावरच्या खडीचा आवाज, पुढे जाणाऱ्या, भरभर, बेशिस्त पावलांचा, दूर दूर. दगडापाशी तो थांबेल म्हणून थोरली सगळा जीव कानांत आणून ऐकत राहिली. तो थांबला नाही. कुलूप खडखडले, फाटक उघडले, आणि पहारेकऱ्याशी मोठ्याने काहीतरी बोलत, हसत, तिची बहीण बाहेर पडली.

मोजणी चारशे एक्काहत्तरवर आली होती. रेषा सरळ होती.